माझ्या वाट्याचं ऊन

जानेवारीत घराची वाटणी झाली, तेव्हा मोठी सून म्हणून मी आधी निवडलं. पश्चिमेची बाजू घेतली. थंडीनं दात वाजत होते आणि त्या खोल्यांत संध्याकाळपर्यंत ऊन असायचं. धाकट्या जावेला, सरिताला, कडुनिंबाखालची ओलसर बाजू मिळाली. मला वाटलं, जिंकले.

आता मे आहे. माझी भिंत दिवस मावळल्यावरही तव्यासारखी तापलेली असते, कूलर गरम वाफा फेकतो. पलीकडे सरिता निंबाखाली खाट टाकून दुपारभर घोरते. तिचं घोरणं ऐकून माझा जीव जळतो.

परवा ती चिकाचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन आली. "बाई, माह्याकडं ऊनच येत नाही. कुरडया तुमच्या गच्चीवर घालू काय?"

"घाल न वं," मी म्हणाले. निवड माझीच होती ना!

घालून ती सावलीत गेली. राखणीला मी, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन कबुतरं हाकत. माझ्याही कुरडया शेजारीच होत्या.

खालून ती ओरडली, "काहून तापून राहिल्या बाई? या न निंबाखाली!"

"मले आवडते ऊन!"

वाळल्यावर बघितलं, माझ्या कुरडया पिवळट आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र. वरून डबाभर मलाच देऊन गेली. "तुमच्याच उन्हानं झाल्या, बाई."

डबा फडताळात आहे. पोरांनाही हात लावू देत नाही. ऊन माझं आहे ना!