पणतवाचं तोंड

"आये, डोळं उघड की. नुस्ता फोटू हाय."

"फोटूतलं तोंडबी तोंडच की रं."

हरणाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. भाऊसोंनी हार मानून मोबाइल खिशात टाकला आणि गुडघा दाबत ते कंगवा शोधायला उठले. पलटणीत असताना त्यांना कुणी सांगितलं असतं, की हवालदारसाहेब, त्र्याहत्तराव्या वर्षी तुम्ही रोज सकाळी आईची वेणीफणी करणार आहात, तर त्यांनी त्या माणसाला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या. पण त्यांची बायको शालूबाई गेली, आणि आष्ट्याच्या त्या घरात दोनच म्हातारी माणसं उरली. त्यातलं एक दुसऱ्याचं लेकरू होतं, एवढंच.

विश्वजितला, म्हणजे भाऊसोंच्या मुलाला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. हरणाबाईंचा पहिला पणतू. पणतवाचं तोंड पाहिलं की पणजीच्या पायाचा अंगठा सोन्याच्या शिडीला लावायचा, डोक्यावरून सोन्याची फुलं उधळायची, की स्वर्गाची वाट मोकळी, अशी रीत. भाऊसोंनी हौसेनं सोनाराकडून करंगळीएवढी शिडी घडवून घेतली होती. पण गल्लीतल्या ज्या दोन म्हाताऱ्यांनी यापूर्वी अशा शिडीला अंगठा लावला होता, त्या दोघीही वर्षाच्या आत खरोखरच वर निघून गेल्या होत्या. हरणाबाईंच्या हे चांगलं लक्षात होतं. पोर जन्मल्यापासून त्यांनी त्याचा एकही फोटो पाहिला नव्हता.

आज पोर स्वतःच येणार होतं. खंडाळ्याहून, विश्वजितच्या बायकोच्या, पूजाच्या माहेराहून, गाडी निघाली होती.

"चौऱ्याण्णव झाली म्हातारीला," शेजारच्या सुलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तरी जीव सुटंना. किती जगायचं मान्सानं?"

"तुमच्या घरचं खात न्हाई ती," भाऊसो कडाडले. सुलाबाई आत पळाल्या. भाऊसोंना मात्र स्वतःचाच राग आला होता. आईला धरून न्हाणीपर्यंत नेताना, गुडघ्यातून कळ निघाली की, 'सुटली तर बरं' हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता. एकदा नाही, पुष्कळदा. त्याची त्यांना फार लाज वाटायची.

दुपारी गाडी आली. हरणाबाई पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. पूजा बाळाला घेऊन आत गेली आणि खाली सतरंजीवर टेकली. आजेसासूची पाठ तेवढी तिला दिसत होती. पुण्यात औषधांवर संशोधन करणारी मुलगी ती, बुजणारी नव्हती. पण तीन महिन्यांच्या पोराकडे कुणी पाठ फिरवलेली कोणत्या आईला आवडेल?

मग पाठीनंच विचारलं, "पूजे, तू उंदरांस्नी औषध घालतीस म्हनं?"

"हो, आजी."

"मराया?"

"नाही. जगायला. त्यांचं आयुष्य वाढतं का, ते बघतो आम्ही."

"आगं बया! आमी जलमभर कणगीतली उंदरं मारत आलो आनि तू जगवाय बसलीस." पाठ थोडी हलली. हरणाबाई हसत होत्या. "मग? वाडतंय का?"

"काहींचं वाढतं. माणसांचं वाढेल का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही."

"आनि ती जादाची वरसं कुठं जोडत्यात गं? शेवटाला का मदी?"

पूजा जरा पुढे सरकली. "तोच तर शोध चाललाय, आजी. मध्ये जोडता आली तरच अर्थ."

"मदली द्या मग. शेवटची माझ्याकडं लय हायती." हरणाबाई थोडं थांबल्या. "आनि एका उंदराला औषध दिलं, त्येच्या पोरांस्नी न्हाई दिलं, तर?"

पूजानं मांडीवरचं बाळ जवळ ओढलं.

"माझा तानाजी गेला, राणी गेली. दोगांच्याबी तेराव्याला मी बसले. असलं जगनं उंदरालाबी नगं. ह्यो एक भावड्या ऱ्हायलाय."

भावड्या चहाचे कप घेऊन दारात उभा होता. भाऊसोंनी कप खाली ठेवले. "म्हनून बघत न्हाईस व्हय? मराय भ्या वाटतंय तुला?"

"मला कसलं रं भ्या? कवाच जायला पायजे हुतं." त्या भिंतीशीच बोलत होत्या. "मी गेल्यावर तुला भावड्या म्हननारं कोन ऱ्हातंय? समदी अण्णा म्हनत्यात. आई गेली की मानूस एका दिसात म्हातारं हुतंय. मी बघितलंय."

सुटली तर बरं म्हणणारे आपण, आणि ही आपल्यासाठी जीव धरून बसलीय. ते कसेबसे गुडघे मोडून तिच्याशेजारी बसले. पूजानं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. आईला समजावण्यात अर्थ नव्हता, ते त्यांना कधीच जमलं नव्हतं. पण आईला ते चांगले ओळखून होते.

"आये, ह्येचा कान माझ्यावानी दुमडलेला हाय बग."

"कंचा?"

"डावा."

"वरनं का खालनं?"

"ते तूच बग."

हरणाबाईंनी पदर बाजूला केला आणि आधी एकच डोळा किलकिला केला. मग दुसरा. त्या वळल्या. बोटानं त्यांनी बाळाचा कान चाचपला, मग त्र्याहत्तर वर्षांच्या मुलाचा चाचपला. "वरनंच," त्या म्हणाल्या आणि पोराकडे पाहतच राहिल्या. पोरही त्यांच्या तोंडाकडे टकामका पाहत होतं. तेवढं जुनं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

भाऊसोंनी डबीतून शिडी काढली आणि आईच्या पायाकडे वाकले. हरणाबाईंनी पाय झटक्यात लुगड्याखाली ओढून घेतला.

"ठिव ती. ह्या पोराचं पोर बगशील तवा तुला लागंल."

भाऊसो हसले. "आये, तवर शंभरी उलटंल की माझी!"

"उलटू दे. पूजे, ते उंदरांचं झालं की ह्या भावड्याला दे. मदली वरसं." पूजा हसली, पण हो म्हणाली नाही.

हरणाबाई दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेल्या, झोपेत, शिडीला पाय न लावताच. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाईंना कुंपणापलीकडे भाऊसो दिसले. खुर्चीच्या पाठीला धरून, दात आवळून, ते गुडघ्यांचा व्यायाम करत होते.

"आवं, आता कुनासाटी एवढा जीव काडताय?"

भाऊसोंनी पाय खाली टेकवला, दम घेतला.

"आयेनं सांगितलंय," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा पाय उचलला.