खालचं शेत

खालच्या शेतात गवत उगवलंय ही बातमी आर्सेनियोने आणली, तेव्हा एदेल्मिरा चुलीपाशी बसून मिलकाओसाठी, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्यांसाठी, बटाटे किसत होती. आर्सेनियो तिचा एकुलता एक मुलगा, पन्नाशी गाठलेला. एरवी गमबूट दारात काढल्याशिवाय आत न येणारा, पण आज तो तसाच चिखलाच्या पायांनी आत आला आणि आईसमोर मूठ उघडली. मुळासकट उपटलेलं गवत होतं. खाजणातलं जाड, बोचरं गवत नव्हे. गायी खातात ते, मऊ.

"चाखून बघ. मीठ नाही."

एदेल्मिराने चाखलं नाही. तिने आधी खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नोल्बेर्तोने माटेच्या कडू चहाच्या नळीवरून तोंड काढलं होतं आणि तो त्या गवताकडे असा बघत होता, जणू मुलाने साप धरून आणलाय.

"भरतीने आणून टाकलं असेल कुठून तरी," तो म्हणाला.

"मुळं धरून बसलं होतं, बाबा. ओढून काढावं लागलं."

"मग जिथून काढलंस तिथे टाकून ये."

माउयिन नदी समुद्राला मिळते त्या भागात खालचं शेत म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक घराचं एक खालचं शेत आहे आणि ते पाण्यात आहे. साठ सालच्या मे महिन्यात मोठा भूकंप झाला, तेव्हा सगळा काठ एका झटक्यात पुरुषभर खाली बसला. तेव्हापासून दिवसातून दोनदा भरती आपल्या घरची असल्यासारखी कुरणांवर येऊन बसते. या घराच्या, ओयार्सोंच्या, शेतात सफरचंदाची बाग होती. ती झाडं खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या मेली आणि कित्येक वर्षं तशीच राखाडी उभी राहिली. मग एकेक करून आडवी झाली.

ते शेत बेलार्मिनोचं होतं. बेलार्मिनो म्हणजे एदेल्मिराचा पहिला नवरा, नोल्बेर्तोचा थोरला भाऊ.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. आधी एक लहानसा हादरा बसला म्हणून सगळे घराबाहेर आले आणि बाहेर होते म्हणूनच वाचले, कारण नंतर जे सुरू झालं ते थांबेचना. माणसं उभी राहू शकत नव्हती. जमिनीवरून लाटा जाताना एदेल्मिराने आपल्या डोळ्यांनी पाहिल्या, वाऱ्यात चादर हलावी तशा. तिला तेव्हा पाचवा महिना होता. थांबलं, तेव्हा नदीचं पाणी भलत्याच बाजूला पळत होतं आणि खाली खुंटाला बांधलेल्या गायी हंबरत होत्या. बेलार्मिनो धाकट्या भावाला म्हणाला, "तू वहिनीला घेऊन टेकडीवर जा. मी गायी सोडतो. आलोच."

नोल्बेर्तो सतरा वर्षांचा होता. त्याने वहिनीचा हात धरला आणि टेकडी चढला. वरून वळून पाहिलं तर खाली शेत नव्हतंच. होतं ते तपकिरी पाणी आणि त्यात गोल फिरणारं कुणाचं तरी छप्पर.

बेलार्मिनो सापडला नाही. गायींपैकी एक सापडली, गळ्यात दावं तसंच होतं. पलीकडच्या बेटांवरचे लोक म्हणतात की बुडालेली माणसं एका उजेडाच्या जहाजावर खलाशी होतात आणि धुक्यात गात फिरतात. कुणा शेजारणीने समजूत घालायला ते सांगितलं, तर एदेल्मिरा म्हणाली होती, "त्याला साध्या होडीत उलटी व्हायची. त्याला कोण ठेवतंय जहाजावर?" तेव्हा ती हसली होती आणि मग तिला हसू आवरेना, शेवटी तिला धरून बसवावं लागलं होतं.

टेकडीवर नोल्बेर्तोने झोपडी बांधली. आर्सेनियो तिथेच जन्मला. दोन वर्षांनी पाद्रीच म्हणाला, "लोक बोलायला लागण्याआधी लग्न करून टाका." त्यांनी केलं. नोल्बेर्तो कष्टाळू होता, दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, मुलाला खांद्यावरून उतरवत नव्हता. फक्त कधी झोपेतून दचकून उठला किंवा भांबावला, की त्याच्या तोंडून अजूनही 'वहिनी' निघून जायचं. मग दोघंही ऐकलंच नाही असं दाखवायचे.

गवताची बातमी आली त्या वसंतात हे जास्त व्हायला लागलं. ओहोटी लागली की नोल्बेर्तो टोपी घालून खाली जायचा आणि तासन्‌तास काठाशी उभा राहायचा. एदेल्मिरा एकदा त्याला जेवायला बोलवायला गेली.

"गप," तो म्हणाला. "ऐकू येतंय?"

"काय?"

"खुंट ठोकतोय."

तिने कान दिला. टिटव्या ओरडत होत्या. दूर कुणीतरी होडीची मोटर सुरू करत होतं.

"सुतारपक्षी असेल, नोल्बेर्तो."

"झाड कुठंय इथे सुतारपक्ष्याला?" तो तिच्याकडे न बघता बोलला. "हे बघ, पाणी आलं तेव्हा जमीन गेली, तोही गेला. आता जमीन परत येतेय. आलोच म्हणाला होता ना, वहिनी?"

त्याच्या पायाखाली खरंच चिखल नव्हता, माती होती.  एदेल्मिराने त्याला दंडाला धरून घरी आणलं.

भांडण पेटलं ते आर्सेनियोच्या कुंपणावरून. त्याने ओंडके आणून ठेवले होते. खालचं शेत बांधून घ्यायचं, चार गायी सोडायच्या, आणि पुढे पर्यटकांसाठी एक लाकडी घर उभारायचं असं त्याच्या मनात होतं. समुद्रशेवाळ गोळा करून करून त्याची कंबर गेली होती.

"तिथे काही बांधायचं नाही," नोल्बेर्तो म्हणाला.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"सगळे बांधतायत. शेजारच्या मान्सिल्यांनी शेड टाकली. आपणच तेवढे शहाणे?"

"मान्सिल्यांना बुडायचं असेल तर तूही बुडशील?"

"माझ्या बापाची जमीन आहे ती!" आर्सेनियो ओरडला. "माझ्या बापाची. तुमची नाही, काका."

चुलीवरची किटली तेवढी वाजत राहिली. पन्नास वर्षांत त्याने नोल्बेर्तोला काका म्हटलं नव्हतं. नोल्बेर्तोने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले, तोंडात टाकले आणि बाहेर निघून गेला.

"जीभ जळो तुझी," एदेल्मिरा मुलाला म्हणाली. 

त्यानंतर थोड्याच दिवसांत वाल्पाराइसो शहरातून हिमेना नावाची भूगर्भाचा अभ्यास करणारी बाई आली, बरोबर दोन विद्यार्थिनी आणि फावडी घेऊन. तिला शेतात खड्डा खणायचा होता. तिने रीतसर परवानगी मागितली, तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, म्हणून एदेल्मिरानेच हो म्हटलं. खड्डा खणून ती बाई काय शोधणार हे कळलं नव्हतं, पण नवरा रोज जिथे कान लावून उभा राहतो, तिथे खाली आहे तरी काय हे एकदा बघून टाकावं असं तिला वाटलं.

हिमेना जेवायला घरी आली. बाई साधी होती, मिलकाओ तीन खाल्ले. जमीन वर का येतेय असं आर्सेनियोने विचारल्यावर तिने टेबलावर एक तळहात पालथा ठेवला आणि दुसरा त्याच्याखाली सरकवला.

"समुद्राचा तळ हा एक भूपट्ट. तो आपल्या जमिनीखाली शिरतोय, वर्षाला चार बोटं. पण सहज शिरत नाही, अडकतो. अडकला की वरच्या जमिनीचं टोक खाली ओढतो आणि मागचा भाग फुगतो. तुम्ही त्या फुगणाऱ्या भागावर आहात." तिने वरचा तळहात वाकवून दाखवला. "मग एके दिवशी अडकण सुटते. टोक उसळतं, समुद्र उसळतो, आणि फुगलेलं जे आहे ते बसतं. साठ साली बसलं तसं."

"म्हणजे आता परत फुगतंय," आर्सेनियो म्हणाला.

"हो."

"आणि परत बसणार."

"बसणार. तुमच्या हयातीत नसेल कदाचित. नातवंडांच्याही नसेल. पण बसणार."

नोल्बेर्तो इतका वेळ भिंतीकडे तोंड करून खात होता. तो म्हणाला, "जे खाली गेलं, ते सगळंच वर येतं का, बाई?"

हिमेनाला प्रश्नाचा रोख कळला नाही. "जमीन येते," ती म्हणाली. "लाटेने टाकलेली रेती वर तशीच राहते. आतलं सगळं जपलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळे खड्ड्यापाशी गेले. कंबरेइतका खोल, चौकोनी खड्डा होता आणि त्याच्या भिंतीवर पट्टे दिसत होते. वर नवं गवत आणि चिखल, त्याखाली साठ सालच्या लाटेने आणलेली वीतभर करडी रेती, तिच्याखाली तेव्हाच्या शेताची काळीभोर माती. हिमेनाने फावड्याने आणखी खाली दाखवलं. तिथे पुन्हा रेती होती आणि पुन्हा काळी माती. "हे आणखी जुनं कुरण. चारशे वर्षांपूर्वीचं. तेही असंच बुडालं. आणि त्याखाली आणखी एक."

"तेव्हाही कुणीतरी राहत असेल इथे," एदेल्मिरा म्हणाली.

"असणारच."

 आर्सेनियो त्या जुन्या काळ्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्यावरही कुणीतरी गायी बांधल्या असतील, कुंपण घातलं असेल, आणि वडीलधाऱ्यांना वेड्यात काढलं असेल, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

विद्यार्थिनी साठ सालच्या मातीवरची रेती ब्रशाने, अलगद बाजूला करत होत्या. खाली बटाट्याच्या वाफ्यांचे उंचवटे निघाले. त्यांवरचं गवत एकाच दिशेला, टेकडीकडे, विंचरल्यासारखं झोपलेलं होतं. लाटेने जसं झोपवलं तसंच. मग एक मुलगी "अय्या" म्हणून थांबली.

दोन वाफ्यांच्या मधे पाऊल होतं. अनवाणी माणसाचं, पाची बोटं स्पष्ट. बुटाचा जोड तेव्हा चर्चसाठीच असायचा. पुढे आणखी एक पाऊल निघालं, मग अर्धं, मग रेतीची भिंत.

 एदेल्मिरा वाकली. तिला बोट लावायचं होतं, पण लावलं नाही. इतकी वर्षं ती त्या माणसाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत आली होती आणि दरवेळी नोल्बेर्तोचाच चेहरा समोर यायचा. आता हे पाऊल. पाय असा पडलाय की टाच खोल, म्हणजे चालणारा घाईत नव्हता.

"त्याचंच आहे," आर्सेनियो म्हणाला. "ना, आई?"

तिने उत्तर द्यायच्या आत नोल्बेर्तो खड्ड्यात उतरला होता. त्याने बूट काढला, मोजा काढला. हिमेना पुढे होऊ लागली, तर एदेल्मिराने तिचा हात धरला. सत्तरीच्या घरातला, निळ्या शिरांचा तो पाय नोल्बेर्तोने हळूच त्या खळग्यात ठेवला.

बरोबर बसला. अंगठ्यापासून टाचेपर्यंत.

तो तसाच उभा राहिला, एक पाय बुटात, एक त्या पावलात. "आमची मापं एकच होती," तो म्हणाला. "चर्चला जायला एकच जोड होता दोघांत. एका रविवारी तो घालायचा, एका रविवारी मी." त्याने पाय उचलला नाही. "त्या सकाळी मीही आलो होतो खाली. गायींना पाणी पाजायला. हे माझंही असेल, वहिनी. मला सांगता येत नाही. मला खरंच सांगता येत नाही."

त्याने मान वर केली, तेव्हा त्याचं तोंड सतरा वर्षांच्या पोराचं झालं होतं. एदेल्मिराने पहिल्यांदा ते 'वहिनी' ऐकल्याचं लपवलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "कुणाचंही असो."

आर्सेनियोने खड्ड्यात हात दिला. "या वर, बाबा. गार पडेल पाय."

बाईने फोटो काढले, मोजमापं घेतली आणि नियमाप्रमाणे खड्डा बुजवला. संध्याकाळची भरती त्यावरून गेली.

आर्सेनियोने ओंडके हलवले. घर त्याने टेकडीवर बांधलं, जुन्या झोपडीच्या जागेला लागून. पाया खणताना आणि छपराचं माप धरताना नोल्बेर्तो त्याच्याबरोबर होता. खाली ते फक्त उन्हाळ्यात गायी सोडत आणि भरतीच्या आधी वर आणत. त्या दिवसांत मुलगा पहिल्यांदा विचारू लागला की बेलार्मिनो होता कसा. म्हातारा-म्हातारी सांगता सांगता भांडायची. तो शीळ घालायचा, असं ती म्हणायची. छे, शीळ मी घालायचो, नोल्बेर्तो म्हणायचा. एकदा तर अर्धा दिवस त्यावरच गेला आणि शेवटी कुणालाच खात्री राहिली नाही.

नोल्बेर्तो त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेला, अंथरुणात, शांतपणे. टेकडीवरच्या दफनभूमीत बेलार्मिनोच्या नावाच्या रिकाम्या क्रूसाशेजारी त्याला ठेवला.

ऊन पडू लागल्यावर एदेल्मिरा एका दुपारी काठी घेऊन एकटीच खालच्या शेतात गेली. खड्ड्याची जागा आता ओळखू येत नव्हती. गवत घोट्यापर्यंत आलं होतं. शेताच्या मधोमध उभी राहून तिने आधी एकाचं नाव घेऊन हाक मारली, मग दुसऱ्याचं. आवाज कुठेही आपटून परत आला नाही. ती वाट बघत थांबली. लांबून पाण्याची एक पातळ, चकाकती रेघ गवतातून पुढे सरकत होती. तिने ती रेघ जवळ येऊ दिली. बूट भिजेपर्यंत ती तिथेच होती. वरून आर्सेनियो तिला हाका मारत उतरताना दिसला, तेव्हा ती मागे वळली.