चार खुर्च्यांचं टेबल

दहा बाय बाराची एक खोली आणि मागं जेमतेम एक बाई वळेल एवढं स्वयंपाकघर. एवढ्याशा घरात डायनिंग टेबल आणायचं कुणाच्या डोक्यात येईल? अजिनाथच्या आलं. आणि एकदा त्याच्या डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते बाहेर निघत नसे.

अजिनाथ साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून, राहायला शेवगावात भाड्यानं. त्याचे साहेब देवकर, मूळचे कोपरगावचे. दिवाळीनंतर त्यांनी ह्याला जेवायला बोलावलं. तिथं मोठं टेबल, पाठीला टेकायला उंच खुर्च्या. अजिनाथ ताठ बसून चमच्यानं वरणभात जेवला आणि निघताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, एकदा आमच्याकडेही या." असं सगळेच म्हणतात. साहेब लोक 'हो हो' म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. पण देवकर पडले सरळ माणूस. म्हणाले, "येतो की. ह्या रविवारी?"

झालं! गुरुवारी टेम्पोतून टेबल आलं. चार खुर्च्यांचं.

"अहो, टेबल ठेवलं, आता माणसं कुठं ठेवायची?" सुकन्या दारातच उभी राहून म्हणाली. ती त्याची बायको. बोलायला फटकळ, पण बोलणं खरं.

"साहेबांना काय फरशीवर बसवू?"

"बसवा की. आपल्या लग्नात सभापती बसले होते पंगतीत. त्यांचं काही झिजलं नाही."

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं, बरं. पण आबांचं अंथरूण कुठं टाकायचं ते तरी सांगा."

आबा म्हणजे सहादेव, अजिनाथचा बाप. पाथर्डीकडच्या डोंगराळ गावातला. तीस वर्षं ऊस तोडला, त्यातच पोराला शिकवलं. गेल्या साली बायको, केशरबाई, गेली, तेव्हापासून म्हातारा लेकाकडं होता. ऊसतोड सगळेच करायचे, तिचं कौतुक गावात कुणाला नव्हतं. सहादेवचं नाव होतं ते वाढपी म्हणून. आसपासच्या दहा गावांत लग्न असो, दहावा असो, पंगतीत वाढायला सहादेव पाहिजे म्हणजे पाहिजे. हातात आमटीची बादली घेऊन वाकला की तीनशे पानं सरळ वाढत जायचा, एक थेंब बाहेर सांडायचा नाही. कुणाला भात हवाय अन् कुणी नुसता लाजतोय हे तोंडाकडं बघून ओळखायचा. त्याचा एक पैसा त्यानं कधी कुणाकडून घेतला नाही.

आबानं टेबलाभोवती एक चक्कर मारली, बोटानं ठोकून बघितलं.

"लाकूड बरं हाय. पर चारच जणं बसायची व्हय? पाचवा आला तर?"

"पाचवा मागनं बसतो, आबा."

"आपल्यात पंगतीला मानूस जादा झाला असं कधी झालं न्हाई बाबा. जरा सरकून बसलं की झालं."

पण तक्रार म्हणून काही नाही. त्या दिवसापासून त्यानं वाकळ टेबलाखाली अंथरली. डोकं भिंतीकडं, पाय खुर्च्यांच्या मधून बाहेर. सुकन्याला बघवेना. आबा म्हणाला, "अगं, उसाच्या फडातल्या कोपीत ह्यापरीस कमी जागा हुती. वर छत तरी पक्कं हाय." अजिनाथला ते ऐकून काही वाटलं का? वाटलं. पण वाटलेलं गिळायची त्याला सवय होती.

रविवारी साहेब आणि त्यांच्या पत्नी, निकिता मॅडम, आले. सुकन्यानं पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, सगळं केलं होतं. अजिनाथनं सकाळीच हिशोब मांडला होता: साहेब, मॅडम, आपण आणि सुकन्या. साहेबांच्या घरी नवरा-बायको दोघंही बसले होते ना, मग आपल्याकडंही तसंच. आबांना एवढंच सांगितलं, "तुम्ही मागनं निवांत जेवा."

आता गंमत बघा. घरची बाई पाहुण्यांबरोबर खुर्चीवर बसली, मग वाढायचं कुणी? हा विचार अजिनाथनं केलाच नव्हता. तो केला आबानं. धोतर वर खोवलं, पंचा कमरेला बांधला, बाह्या सारल्या आणि म्हातारा आमटीचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आला. वाढावं तर सहादेवनंच! साहेबांच्या ताटात काय संपलं हे साहेबांच्या आधी त्याला कळे. मॅडम नको नको म्हणत तीन पोळ्या जेवल्या.

"काय आग्रह करता हो मामा!" मॅडम खूश झाल्या. मग अजिनाथकडं वळून म्हणाल्या, "कुठून बोलावलंत यांना?"

अजिनाथच्या तोंडात घास होता. तो गिळायला असा कितीसा वेळ लागतो? गिळून 'माझे वडील आहेत' एवढं म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं आल्या त्या चार खुर्च्या, चारही भरलेल्या, आणि बाप उभा. आता खरं सांगायचं तर आधी हे सांगायला हवं होतं की बापाला खुर्ची का नाही.

"गावाकडचे आहेत," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ना? नव्हतंच. नीच होतं, एवढंच.

सुकन्यानं हातातला घास ताटात ठेवला. आबाची पळी एक क्षण अधांतरी थांबली, मग सरळ साहेबांच्या वाटीत उतरली.

"मग मामा, आमच्याकडे याल का?" मॅडमचं चालूच होतं. "पुढच्या गुरुवारी आमच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत आहे. सासूबाईंना बुफे चालत नाही, पंगतच हवी म्हणतात. आणि हल्ली वाढायला चांगली माणसं मिळतात कुठं?"

आबानं लेकाकडं बघितलं. लेक ताटातल्या चटणीकडं बघत होता.

"येईन की, बाईसाहेब," आबा म्हणाला. "वाढायचंच तर हाय."

पाहुणे गेले. दार लागलं, तशी सुकन्या म्हणाली, "तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

"मग तू का नाही बोललीस?"

"बाप तुमचा आहे."

आबा स्वयंपाकघरात फरशीवर बसून उरलेलं जेवत होता. आमटी चांगली झाली, असं त्यानं सुनेला सांगितलं.

मधले दिवस अजिनाथनं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. रोज ठरवायचा, आज साहेबांना सांगू. केबिनच्या दाराशी जायचा, साहेब विचारायचे, "काय रे?" आणि हा कुठल्या तरी ऊसतोड टोळीच्या गाडीचं बोलून परत यायचा. बापाला म्हणाला, "आबा, जाऊ नका. आजारी आहेत म्हणून कळवतो."

"मी आजारी न्हाई. आन् शबूद दिलाय."

"मग मी काय करू?"

"तू पावना म्हनून बोलावलेला हाईस. पावन्यावानी ये, जेव आन् जा. मी कुनाला काय बोलनार न्हाई. काळजी करू नगस."

काळजी करू नकोस! बापानं दोन कानफटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुकन्यानं तर यायचंच नाकारलं. "सासऱ्याच्या हातचं परक्यासारखं जेवायला माझी जीभ अजून एवढी निर्लज्ज झालेली नाही," म्हणाली.

गुरुवारी नेवासा रस्त्याला बंगल्यापुढं मांडव पडला होता. आबा पहाटेच एसटीनं जाऊन कामाला लागला होता. दुपारी पहिली पंगत बसली, खाली सतरंज्यांवर, मांडीला मांडी लावून. देवकर साहेब स्वतः मांडी घालून बसले, आणि सरकून अजिनाथला शेजारी जागा केली. "ये रे. आमच्या आईला टेबल-खुर्चीवर पंगत म्हटलं की राग येतो," हसत म्हणाले. अजिनाथ हसला नाही. आपण कुणासाठी ते टेबल घरात आणलं होतं, हे त्याला कळेनासं झालं.

आबा पानांच्या रांगेतून येत होता. स्वच्छ टोपी, कमरेला पंचा, हातात बादली. माणसं आपापसात बोलत होती, वाढपी मोठा तरबेज आणलाय. बाप असा खुललेला अजिनाथनं आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

तो अजिनाथसमोर वाकला.

"आमटी, सायेब?"

आवाजात टोमणा नव्हता. चेहऱ्यावर ओळख नव्हती. दिलेला शब्द म्हातारा तंतोतंत पाळत होता. अजिनाथनं मान हलवली, आमटी पानात पडली, आणि त्याला बोट बुडवायचं धाडस होईना.

तेवढ्यात साहेबांची आई, बनुबाई, पंगतीतून आग्रह करत आली आणि नेमकी तिथंच थांबली. म्हातारीला माणसांची हौस.

"पावनं, लई झ्याक वाढता. कुठलं तुमी? पोरंबाळं काय करत्यात?"

"एक ल्योक हाय, आई."

"कुठं असतो?"

"लांब असतो," आबा म्हणाला आणि पुढच्या पानाकडं सरकला.

लांब असतो! दोन हातांवर बसलेला लेक. अजिनाथ भरल्या पानावरून उठला. पंगत चालू असताना कुणी उठत नाही, उठलाच तर यजमानाचा अपमान होतो. सगळ्या माना वळल्या.

"आजी, मीच यांचा मुलगा," तो म्हणाला. आवाज फार मोठा निघाला. "हे माझे वडील आहेत."

निकिता मॅडमच्या हातातलं ताट तसंच राहिलं. देवकर साहेब वर बघत म्हणाले, "अरे, मग त्या दिवशी तुझ्या घरी..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. न सोडते तर बरं. रांगेतल्या प्रत्येकानं ते आपापल्या मनात पुरं केलं. पलीकडं कुणीतरी शेजारणीच्या कानाशी लागलं.

बनुबाई पुढं झाली. "बादली ठेवा, पावनं. बसा जेवायला."

"पंगत उठू द्या, आई," आबा हळू म्हणाला. लेकाकडं न बघता त्यानं खूण केली, "बस खाली. मानसं जेवत्यात."

अजिनाथ बसला. आबानं उरलेली रांग वाढली. पण आता कुणी त्याच्याकडं वाढप्याकडं बघावं तसं बघत नव्हतं. जो तो पटकन पानावर हात आडवा धरी, "बास आबा, बास," आणि नजर चुकवी. शेवटच्या पानावर बादली हिंदकळली आणि आमटी सतरंजीवर सांडली. बापाच्या हातून सांडलेलं अजिनाथनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

पंगत उठली तशी आबा बादली ठेवून बाहेर, गाड्या लावल्या होत्या तिथं आला. अजिनाथ मागून धावत आला.

"आबा, चुकलो मी. त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"व्हय. त्या दिवशी चुकलास, ते मी गिळलं," आबा म्हणाला. कमरेचा पंचा सोडून तो हात पुसत होता. "आज कशापायी बोललास?"

"राहवलं नाही मला."

"तुला हलकं व्हायचं हुतं, झालास. माझं काय? सकाळपासनं मी हितं नावाजलेला वाढपी हुतो. झाकली मूठ हुती, मी धरली हुती घट्ट. तू उठलास आन् मी कोन झालो सांग? ज्याच्या लेकाला बापाची लाज वाटती, तो म्हातारा. समद्या मांडवाला दावलंस."

हे अजिनाथच्या ध्यानातच आलं नव्हतं. उठताना, बोलतानासुद्धा तो स्वतःचाच विचार करत होता.

मांडवात दुसरी पंगत बसत होती. कुणीतरी जोरात हाक मारली, "अहो, वाढपी कुठंय? पानं मांडली!"

आबानं सवयीनं पंचा कमरेला आवळला आणि दोन पावलं टाकली. मग थांबला. पंचा पुन्हा सोडून त्यानं खांद्यावर टाकला.

"आता कसा जाऊ रं?" तो म्हणाला.