सगळ्या खुर्च्या

सभागृहाच्या दाराशेजारी भिंतीला काचेची एक पेटी ठोकलेली होती. परिसरात महिनाभरात जे काही व्हायचं असेल ते त्या पेटीत लागायचं. शाळेचा वाद्यवृंद, ज्येष्ठांचं समूहगान, रक्तदान शिबिर, जादूचे प्रयोग, छायाचित्रांचं प्रदर्शन. दर सोमवारी सभागृहाचा व्यवस्थापक जुने कागद काढून नवे लावायचा. त्याला सगळे छोटू म्हणत. पन्नाशी उलटली होती, पोट पट्ट्यावरून बाहेर डोकावत होतं, डोक्यावरच्या केसांनी कधीच राजीनामा दिला होता. पण थोरली बहीण त्याला लहानपणापासून छोटू म्हणायची, आणि एकेकाळी तिचा आवाज असा खणखणीत होता की तिची हाक सगळ्या गल्लीला पाठ झाली. मग गल्लीनेही तेच नाव उचललं.

छोटूच्या पायाला भिंगरी होती. एवढ्या खुर्च्यांचा धनी, पण त्याला खुर्चीत बसलेला कोणी पाहिला नव्हता. कार्यक्रम सुरू असला की हा कधी पंख्याच्या बटणापाशी, कधी दारात, कधी विंगेत, कधी उगाच जिन्यात. गाणं ऐकतोस की नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायचा की हलवाई कधी पेढे खातो का. खरं म्हणजे त्याला बसायची भीती वाटायची. बसलं की आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्या दिसतात.

खुर्च्या मांडणं ही विद्या आहे असं त्याचं ठाम मत होतं, आणि ती त्याच्याइतकी कोणाला येत नव्हती हेही खरंच. किती लोक येतील याचा अंदाज घ्यायचा आणि त्याहून थोड्या कमीच खुर्च्या लावायच्या. रांगा ऐसपैस, मधली वाट रुंद, उरलेल्या भागात काहीतरी अडगळ. मग थोडेफार लोक आले तरी सभागृह भरल्यासारखं दिसतं आणि चारदोन जण भिंतीला टेकून उभे राहिले तर कलाकाराला आभाळ ठेंगणं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका कवीने तर घरची माणसं आणि शेजारी मिळून जेमतेम तीन रांगा जमवल्या होत्या, तरी तो जाताना छोटूचे हात हातात घेऊन म्हणाला होता की इतकी गर्दी मी जन्मात पाहिली नाही. छोटू ही गोष्ट कोणालाही, कितीही वेळा सांगायला तयार असे.

आता ताईचं सांगायला हवं. ताई भावाच्याच घरी राहायची. तिने लग्न केलं नाही, गाणं केलं. परिसरातला एकही कार्यक्रम तिच्या गाण्यावाचून पुरा होत नसे. मग दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. घरात पाटी आणि खडू आले. आधी ताई पाटीवर लिहून भावाला रागवायची, पण लिहून रागवण्यात मजा नाही म्हणून तेही तिने सोडलं. पुढे इस्पितळात एक स्पीच थेरपिस्ट मुलगी भेटली. तिने ताईला कागदाचे कपटे फुंकायला लावले, ओठ मिटून गुणगुणायला लावलं, कित्येक महिने नुसता 'आ' म्हणायला लावलं. ताई तिला माझी मास्तरीण म्हणायची. मास्तरीण तिच्याहून निम्म्या वयाची होती.

आवाज आला, पण तो आधीचा नव्हता. जाडसर, खालचा, मध्येच दाणा लागल्यासारखा अडखळणारा. ताई दार लावून रियाजाला बसली की छोटूला नेमकं काहीतरी काम आठवायचं. दूध आणायचं, दिव्याचं बिल, नळाचा वायसर. एका वायसरपायी तो तासभर बाहेर राहिला आहे. बायको म्हणाली, नळ गळत नाही, तुमचंच काहीतरी गळतंय. 

आणि एका सोमवारी ताई स्वतः पेटीपाशी कागद घेऊन आली. तिच्या गाण्याचा कार्यक्रम, शनिवारी संध्याकाळी, प्रवेश सर्वांना. छोटूने वरकरणी वा वा केलं आणि कागद सगळ्यांत वर लावला. ताई निघता निघता थांबली.

"छोटू, ह्या वेळी सगळ्या खुर्च्या मांड."

"मांडतो की."

"तुझ्या पद्धतीने नको. सगळ्या. मला तुझी हातचलाखी ठाऊक आहे, इतकी वर्षं बघतेय. रिकाम्या राहिल्या तर राहू देत. पुढे गायचं की नाही, ते मला त्या दिवशी ठरवायचंय. खरं काय ते दिसू दे मला."

त्याने मान हलवली. शब्द दिला म्हणा ना.

दोनच दिवसांत समोरच्या मैदानावर मोठ्या बँडचा मोफत कार्यक्रम जाहीर झाला, त्याच शनिवारी, त्याच वेळी. बँडचं रंगीबेरंगी पोस्टर पेटीत लावणं भाग होतं. छोटूने ते खाली कोपऱ्यात, रक्तदानाच्या मागे अर्धं दडवून लावलं. संध्याकाळी ताई फिरून आली आणि म्हणाली की मुलांना दिसत नाही, वर लाव. त्याने ते वर लावलं. त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. जो भेटेल त्याला तो शनिवारी येताय ना म्हणून विचारायचा. लोकही मोठे सज्जन. बघू, जमलं तर, मुलांना बँडला न्यायचंय, असं म्हणत निसटायचे. शिंपी तर समोरून येताना दिसला की रस्ता ओलांडू लागला.

शनिवारी दुपारी छोटूने सगळ्या खुर्च्या मांडल्या. खरोखर मांडल्या. मग दारात उभा राहून पाहिलं, आणि त्या रांगांवर रांगा पाहून त्याचा जीव कासावीस झाला. समोरच्या मैदानावर ध्वनिक्षेपकांची चाचणी सुरू झाली होती, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. एवढ्या मोकळ्या खुर्च्यांसमोर ताई त्या अडखळत्या आवाजाने गाणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी छायाचित्रांचं प्रदर्शन होतं आणि त्याचे उंच फलक गोदामात येऊन पडले होते. कारण आयतंच मिळालं. छोटूने सभागृहाच्या मधोमध फलकांची आडवी भिंत उभी केली आणि मागच्या निम्म्या खुर्च्या तिच्या आड थप्प्या लावून ठेवल्या. उरलेल्यांतल्याही दोन रांगा कमी केल्या. मंचावरचे दिवे तोंडावर असतात, फलकांपलीकडचं ताईला काय दिसतंय. बायकोला सांगितलं की तू दारात थांब, जागा भरली की आत सोडू नकोस, वाट अडता कामा नये. बायको म्हणाली, ताईंनी तर सगळ्या मांडायला सांगितल्या होत्या ना? तो म्हणाला, प्रदर्शनवाल्यांनी घोळ घातला, मी काय करू. चोराच्या मनात चांदणं, म्हणून हे त्याने तिला तिने न विचारताच दोनदा सांगितलं.

आणि लोक आले. समूहगानवाले ज्येष्ठ झाडून आले, शाळेच्या संगीताच्या बाई आल्या, शेजारपाजारचे आले, नाही नाही म्हणणारा शिंपीही मेव्हण्याला घेऊन आला. पडदा वर जायच्या आत खुर्च्या भरल्या. भिंतीलगत माणसं उभी राहिली. विंगेतून छोटू पाहत होता आणि त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू ती गर्दी त्यानेच घडवून आणली. देव पावला, असं तो दिव्यांच्या बटणांना म्हणाला.

ताई गायला बसली तसा तो सवयीने बाहेर सटकला. पाण्याची टाकी पाहिली, मागचं दार पाहिलं, उघडंच आहे याची दोनदा खात्री केली. टाळ्या ऐकू आल्या की आत डोकावायचा. पूर्वार्ध असा पार पडला.

मध्यंतरात ताई विंगेत आली. कपाळावर घाम होता, डोळे मात्र कोणाला तरी शोधत होते.

"माझी मास्तरीण दिसली नाही," ती दारावरून पाणी घेऊन आलेल्या छोटूच्या बायकोला म्हणाली. "येते म्हणाली होती. तिच्याकडच्या लोकांना घेऊन."

बायको निर्मळ मनाची. तिने जे घडलं ते सांगून टाकलं. एक व्हॅन आली होती. एक तरुण मुलगी आणि तिच्याबरोबर दहाबारा माणसं, काहींच्या गळ्याला पट्टी. उभं राहण्यासारखी नव्हती बिचारी. जागा नाही म्हटल्यावर मुलगी जरा हुज्जत घालत होती, पण बाकीचे काहीच बोलले नाहीत. एका आजोबांनी पाटीवर लिहून दाखवलं की खाली बसतो. "पण वाट अडली असती ना ताई. मी परत पाठवलं. अंगणात थोडा वेळ उभी होती, मग गेली."

ताई मंचावरून उतरली, भरल्या खुर्च्यांमधल्या रुंद वाटेने चालत गेली आणि फलकांच्या मागे वळली. विंगेत बटणांपाशी उभं राहून सगळं ऐकणारा छोटू धावत तिच्यामागे गेला. थप्प्या लावलेल्या खुर्च्या तिच्या खांद्यापर्यंत आल्या होत्या. तिने एकीवर हात ठेवला.

"म्हणजे तुला वाटलं होतं, कोणी येणार नाही."

"तसं नाही ताई, तो बँड..."

"तुला माझा आवाज आवडत नाही. तू तो ऐकलेलाच नाहीस. घरात मी तोंड उघडलं की तू चपला शोधतोस." तिचा स्वर चढला नाही, आता तो चढतच नव्हता. "त्या माणसांना मी बोलावलं होतं, छोटू. गेलेला आवाज परत येतो, एवढं त्यांना दाखवायचं होतं मला. मी सगळ्या खुर्च्या सांगितल्या, त्या काय हौस म्हणून?"

छोटू पळत सुटला. फाटकापर्यंत, रस्त्यापर्यंत, मैदानापर्यंत. मैदानावर माणसांचा समुद्र आणि कानठळ्या बसवणारा बँड. व्हॅन कुठेच नव्हती. हाक तरी कोणाला मारायची, नावं माहीत नाहीत, आणि हाकेला ओ देणार तरी कोण. घामाघूम होऊन तो परतला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या विद्येची किळस आली.

सभागृहात गडबड चालली होती. ताईने मंचावरून लोकांना सांगितलं होतं की जरा तसदी घ्या, अजून खुर्च्या मांडायच्या आहेत. शिंपी आणि त्याचा मेव्हणा फलक भिंतीकडे सरकवत होते, संगीताच्या बाई थप्पीवरून खुर्च्या उतरवत होत्या. छोटूही लागला. सगळ्या मांडल्या. उभे असलेले बसले, तरी मागच्या रांगांवर रांगा रिकाम्या राहिल्या. कोणाला काही कळलं नाही, कोणी विचारलंही नाही.

"छोटू," ताई मंचावरून म्हणाली, "शेवटच्या रांगेत बस. तिथवर ऐकू येतं का, ते तू मला सांगायचंस."

तो बसला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. ताई त्या मोकळ्या खुर्च्यांकडे पाहून गाऊ लागली. जुना आवाज नव्हताच. वरच्या जागा ती घेत नव्हती. तिथल्या उंबऱ्यापर्यंत जायची, थांबायची आणि खालच्याच सुरांतून आतलं घर दाखवायची. मध्ये एकदा स्वर तुटला, तिने श्वास घेतला आणि तो तुटला होता तिथूनच पुन्हा उचलला. मैदानावरचा धडधडाट खिडकीतून आत येत होता. उठून खिडकी लावावी म्हणून छोटूचे पाय शिवशिवले. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली. हळूहळू त्याला कळत गेलं की हा आवाज चांगला आहे, आणि इतके महिने तो आपल्याच घरात भिंतीपलीकडे होता. त्याला फार लाज वाटली. डोळे पुसायला हात सोडवत नव्हता, म्हणून ते तसेच वाहू दिले.

घरी जाताना ताईने ऐकू आलं का म्हणून विचारलं. तो म्हणाला, आलं. तेवढंच.

सोमवारी तो पेटी उघडून प्रदर्शनाचा कागद काढत होता, तेव्हा ती आली. हातात नवा कागद होता. तिचं गाणं, पुढच्या महिन्यात. छोटूचा चेहरा उजळला, पण स्थळ वाचून उतरला. इस्पितळ, तळमजला, रुग्ण थांबतात ते दालन.

"इथे का नाही, ताई?"

"इथे त्यांना जागा नाही म्हणून सांगितलंय."

त्याने मान खाली घातली. कागद सगळ्यांत वर, मधोमध लावला, चारी कोपऱ्यांना टाचण्या टोचल्या. ताई तिथेच उभी होती. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तू ये. ऐकायला ये."

"येतो ना," तो म्हणाला, आणि जिभेच्या टोकावर आलेला प्रश्न त्याला आवरला नाही. "तिथे खुर्च्या कशा आहेत?"

"जमिनीला ठोकलेल्या," ताई म्हणाली.