बॉनेटखाली

साकोलीच्या धानगिरणीमागच्या गोदामात भैय्याजींची मस्टँग ही अमेरिकन मोटार उभी असायची. १९६९ची, लांब नाकाची, पुढच्या जाळीवर धावता घोडा, स्टिअरिंग डाव्या बाजूला. नागपुरात कामाला असलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरनं मायदेशी परतताना ती त्यांना विकली होती. तिचं आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की गिरणीचा आवाज बुडून जायचा, हे त्यांच्या मुलानं, कमलेशनं, त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलं होतं. भैय्याजी दर रविवारी गाडी पुसत. चालवत मात्र नसत. फार पेट्रोल पिते म्हणत. बॉनेटला कोणाला हात लावू देत नसत.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं लोटल्यावर भैय्याजी वारले. तेरवी आटोपल्यावर कमलेशनं गाडी रस्त्यावर आणायची ठरवली. नागपूरहून विनोद मेकॅनिकला बोलावलं. दोघांनी जोर लावून बॉनेट उघडलं.

आत इंजिनच नव्हतं. मोकळ्या सांगाड्यातून थेट गोदामाची फरशी दिसत होती.

चोरी झाली म्हणावी, तर किल्ल्या घरातच असायच्या. कमलेश तडक आईकडे गेला. सीताबाई तांदूळ निवडत होती. इंजिन कुठं गेलं, त्यानं विचारलं.

"मीच काढाले लावलं," ती म्हणाली. "गावच्या बोडीत हाय, तळ्याच्या गाळात."

मग तिनं सगळं सांगितलं. भैय्याजी आणि त्यांचा मित्र इश्वर याच गाडीतून भंडाऱ्याला निघाले होते. वळणावर भैय्याजींनी वेग कमी केला नाही. इश्वर जागीच गेला. भैय्याजींचा फक्त हात मोडला. गाडी दुरुस्त होऊन आली, आणि एका सकाळी ते तान्ह्या कमलेशला मांडीवर घेऊन ती चालवायला बसले. सीताबाईनं पोर हिसकावून घेतलं. पुढं ते रायपूरला गेलेले असताना तिनं इंजिन उतरवून बैलबंडीवर घातलं. मजूर आणले ते इश्वरच्या बायकोनं, रुखमानं.

"अन् बाबा?"

"परत आले, बॉनेट उघडून पायलं, लावून देलं. मरेपर्यंत मले एका शब्दानं विचारलं नाही."

वडिलांच्या हातून माणूस मेला होता. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, एकट्या कमलेशला सोडून.

विनोदला परत पाठवून तो संध्याकाळी रुखमाच्या दारात गेला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हातारीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"पायलं काय उघडून?" तिनं विचारलं, आणि वाकळ झटकून त्याच्यासाठी खाट सरकवली.