शिंगातला कापूस

चन्नम्मा बरी झाली असती, तर शिंगीबाबाला कळंबच्या धान्यबाजारातली कोपऱ्याची जागा मिळणार होती: वर पत्रा, खाली फरशी, जन्मभराचा शिधा. पोरीचा बाप, अडत्या शांतलिंग, तसा शब्दच देऊन बसला होता. तेवढ्यासाठी बाबा नऊ वर्षांच्या लेकराच्या मानगुटीला पोकळ शिंग लावून तोंडानं ओढत होता, आणि अख्खा बाजार मापं टाकून आ वासून उभा होता.

वाटीत पांढरट, गढूळ पाणी पडलं.

"बघा! मस्तकातलं चेटूक उतरतंय! अवसेला पाणी निर्मळ आलं की पोर नाचती का न्हाय, बघा!"

गर्दीनं हात जोडले. चन्नम्मा ओकली. तिची नजर तिरळी झालेली, कानशिलांवर बाबानं दिलेले दोन ताजे डाग. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिघडल्याचं संस्थानाच्या मोठ्या दवाखान्यात, हैदराबादेत, आधीच सांगितलं होतं. आता आठ दिवस डोकं ठणकत होतं. पण गावच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगत होते तरी पाठीत सुई घालू द्यायला शांतलिंग तयार नव्हता. शेवटी आई रुद्रम्मानंच त्या डॉक्टर चाँदपाशांना बाजारात बोलावलं.

"शांतलिंगप्पा, तूर घेताना पोत्याच्या तोंडचे दाणे बघून भाव करता?"

"येडा हाय का म्या? नळी खुपसून तळातलं काढतो."

"मग पोरीला वरवर का बघता? दुखणं मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरलं असावं. ते पाणी कण्यात खालपर्यंत असतं. तिथूनच काढून तपासावं लागतं."

शांतलिंगनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. दवाखान्यात सुई गेली. थेंब पडले, अगदी स्वच्छ.

"निर्मळ!" मागोमाग आलेला बाबा ओरडला. "माझ्या शिंगानं धुतलं!"

डॉक्टरांनी त्या पाण्याची काचनळी हातयंत्रात गरगरा फिरवली, तळाचा गाळ काचेवर घेतला, रंग दिला. "या, खुर्दबिनीच्या भिंगातून बघा."

शांतलिंगला जांभळ्या गोल दाण्यांचा खच दिसला.

"निरोगी पाण्यात असा एखादा दिसला तर दिसला. या त्याच बिघडलेल्या पेशी, हे रक्तातलंच दुखणं. नुसत्या डोळ्याला पाणी स्वच्छच वाटतं."

शांतलिंगचं अडत्याचं डोकं आत्ता कुठं चालू लागलं. दुखण्यासकट आतलं पाणी असं स्वच्छ दिसतं, तर वाटीतलं गढूळ आलं कुठून? त्यानं कमरेची धान्याची नळी उपसली, बाबाचं शिंग हिसकलं आणि आत खुपसली. तांदळाच्या पेजेत भिजवलेला कापसाचा बोळा भदकन खाली पडला. झोळीत दुसरा निघाला, साध्या पाण्यात भिजवलेला.

"ही अवसेची निर्मळ तयारी व्हय रं?"

"त्यो... त्यो देवाचा कापूस हाय, आप्पा!" म्हणत बाबानं दार गाठलं.

रुद्रम्मा पुढं आली. "डॉक्टरसाब, आता बरी व्हईल न्हवं?"

"नाही, अक्का. यावर आज कुणाकडंच औषध नाही. पण पाणी थोडं काढलं की ठणका उतरतो. हे मला आठ दिवसांपूर्वीही करता आलं असतं."

संध्याकाळी चन्नम्मानं कितीतरी दिवसांनी भाकरी मागितली.

लोकहो, कुणी वाटी दाखवली तर हात जोडण्याआधी शिंगात बघा. एवढं या बाजारात कुणालाच सुचलं नाही, आणि रोज पोती पारखून पोट भरणारा बाजार तो! या व्यवहारात बाबाचं शिंग गेलं, बाजाराचा तमाशा बुडाला, शांतलिंगची मान खाली गेली. बाबाला दुसरं शिंग मिळेल, बाजाराला दुसरा बाबा. आठ दिवसांचा ठणका आणि कानशिलांवरचे डाग ही किंमत मात्र चन्नम्मानं भरली, आणि तिच्यापाशी दिवसच मोजके होते.