मोरपंखीचं भगदाड

आमच्या कॉलनीत गुलाब कुणाच्याही दारात असायचे, बुटकी मोरपंखी मात्र फक्त माझ्या. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा आमच्या ह्यांनी ती कुंडीसकट सायकलवर आणली. इतक्या वर्षांत वाढली गुडघ्याएवढी. शेजारची चतुराबाई म्हणायची, "भिमाबाई, हिला उपाशी ठेवतेस का गं?" अगं, तिची जातच बुटकी! पण कशी गोल, दाट, हिरवीगार. ऑगस्टच्या बागस्पर्धेत पहिला नंबर माझाच, हे मी कॉलनीभर सांगून ठेवलं होतं.

त्रास एकच, पोरांचा. मोरपंखीचं पान पुस्तकात ठेवलं की विद्या येते म्हणे! मी ओरडायची, "पाल्यानं विद्या आली असती, तर शेळी मामलेदार झाली असती!" आणि हिची फांदी आतल्या तपकिरी काडीपासून तुटली, की तिथं पुन्हा हिरवं फुटत नाही.

मार्चात चतुराबाईची लेक मैना आली. दहावीला दोनदा नापास झालेली. यंदाही गेली तर बाप लग्न लावून मोकळा होणार होता.

"मावशी, पानानं काही होत नाही, कळतं मला," ती म्हणाली. "पण पेपर समोर आला की हात कापतात. धरायला काहीतरी पाहिजे."

मी उठून झाडापाशी गेले. कचकन फांदीच मोडून दिली. सकाळी दारात आणखी पाच-सहा पोरी! एकीला दिल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार? झाडाला हे एवढं भगदाड पडलं. पोरी गेल्यावर मी आत जाऊन रडले, खोटं कशाला बोलू?

जूनमध्ये निकाल लागला. सुलाबाईची लेक तेवढी गणितात अडकली, बाकी सगळ्या पास. मैना तर धावत येऊन गळ्यातच पडली.

स्पर्धेच्या सकाळी चतुराबाईनं माझ्यासाठी कुंडी फिरवून भगदाड भिंतीकडे केलं. बिचारीला माझ्या नंबराची काळजी. मी कुंडी पुन्हा फिरवली, भगदाड थेट रस्त्याकडे.

परीक्षक म्हणाले, "बाई, झाड सुरेख आहे, पण ही बाजू लपवायची होती."

"का म्हणून लपवू?" मी म्हणाले. "ह्याच बाजूनं आमच्या पोरी दहावी झाल्यात!"

पहिला नंबर कोपऱ्यावरच्या गुलाबांना गेला. जाऊ दे. गुलाब काय, कुणाच्याही दारात असतात.